अप्पामामांच्या दोन फुंकण्या

आमच्या घरी मुलगी पाहायला पाहुणे आले, की त्यांना आधी मुलगी दाखवत नसत. आधी दोन फुंकण्या दाखवत.

बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून दोन शिसवी चौरंग होते. त्यांवर दोन लोखंडी वस्तू सोलापुरी चादरीखाली झाकून ठेवलेल्या असत. पाहुणे चपला काढून आत आले, की त्यांची नजर पहिल्यांदा तिकडेच जाई. कुणाला वाटे घरचे देव आहेत. बार्शीच्या एका आजीबाईंनी तर वाकून नमस्कारही केला होता. पाहुणे टेकले, पाणी झालं, की अप्पामामा उठत, दोन्ही चादरी झटक्यात दूर करत, आणि नवऱ्या मुलाकडे वळून विचारत, "यातली कुठली घ्यावी?"

मी तेव्हा माजघरात पोह्यांची बशी घेऊन उभी असे. मला हाक यायला बराच अवकाश असे.

अप्पामामांना जाऊन आता वर्ष होत आलं. पेठेत त्यांचं नाव निघालं की लोक अजून कपाळापाशी बोट नेऊन गोल फिरवतात. फिरवू देत. त्यांना वेडा म्हणायचा हक्क फक्त दोन माणसांना होता, कारण त्यांच्याबरोबर आम्हीच राहत होतो. एक आमच्या घरी स्वयंपाक करणारी काशीबाई, आणि दुसरी मी. काशीबाईनं तो हक्क रोज वापरला. मी कधीच वापरला नाही, आणि आता तर वापरणारच नाही.

अप्पामामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. गिरण्यांना लागणारं सामान विकायचं त्यांचं दुकान होतं: पट्टे, तेलं, बेअरिंगं, खिळे. आईवडील गेल्यावर त्यांनी मला आपल्याकडे आणलं तेव्हा मी पाटीवर अक्षरं काढत होते. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "माझी हवा कमी पडती." त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या गोष्टी हवेवर चालत. भाकरी फुगली नाही, हवा कमी. कीर्तनकाराचा आवाज बसला, हवा कमी. वकिलाचा खटला पडला, हवा कमी. आणि कसलाही निर्णय करायची वेळ आली, की ठरलेलं एक वाक्य येई: "घाई कुठाय? हवा बघू की."

गिरणीतला एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत जायला निघाला, तेव्हा त्याची मोटार मामांनी विकत घेतली. दोन माणसांची, उघडी, हिरव्या रंगाची, इतकी बुटकी की आत बसलं म्हणजे बैलांचे चेहरे वर दिसत. गावातल्या शेठ लोकांच्या मोटारी उंच आणि पेटाऱ्यासारख्या होत्या. त्यांतून लग्नाला जाता येई, कोर्टात जाता येई. आमच्या गाडीतून कुठंही जाता येत नसे. फक्त जाता येई. काशीबाई तिला 'बेडकी' म्हणे.

या बेडकीला मामांना फुंकणी बसवायची होती. फुंकणी म्हणजे काय, हे मी शाळेत मुलींना सांगते तसंच इथं सांगते. इंजिन आपल्यासारखंच हवा आत ओढतं आणि तिच्यावर पेट्रोल जाळतं. जेवढी हवा, तेवढा जाळ. चुलीत जाळ कमी पडला की बाई फुंकणीनं फुंकते ना, तशी इंजिनात जादा हवा कोंबणारं एक यंत्र असतं. इंग्रजीत त्याला सुपरचार्जर म्हणतात. मामा हा शब्द पाहुण्यांसमोर एकदा उच्चारत आणि लगेच म्हणत, "म्हंजे आपली फुंकणी."

त्यांनी दोन जातींच्या फुंकण्या मागवल्या होत्या. पहिली मुंबईहून आली, एका मोडलेल्या गाडीवरची. तिच्या पोटात एक चपटं चाक असतं, गिरणीतल्या पंख्यासारखं. ते भयंकर वेगानं फिरतं आणि हवा बाहेर भिरकावतं. हिचं नाव चक्री. चक्रीचा स्वभाव असा, की इंजिन सावकाश चाललं असताना ती जवळजवळ काहीच देत नाही, आणि वेग चढला की एकदम सगळं देते. दुसरी विलायतेहून आली. तिच्यात मधे चेपलेल्या दोन लांबट पाकळ्या शेजारीशेजारी फिरतात, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रत्येक फेऱ्याला हवेचा एकेक घास पुढं ढकलतात. ही दुपाकळी. ही पहिल्यापासून जोर देते, पण इंजिनाची थोडी ताकद स्वतः खाते, हवा तापवते आणि आवाज करते. तिसरं एक पात्यांचं स्थळ होतं, पण ते फक्त चित्रात पाहिलेलं. त्याला सारखं तेल पाजावं लागतं असं समजल्यावर मामांनी ते मोडलं. म्हणाले, "पिणारं स्थळ नको."

दुपाकळीवर त्यांचा जीव होता, हे मला तेव्हाही दिसत असे. तिच्या दांड्याला हँडल लावून ते हातानं फिरवत आणि मला पाकळ्यांमध्ये डोकवायला लावत. पाकळ्या एकमेकींत शिरत, पण मध्ये केसाएवढी फट राही. "बघ," मामा म्हणत, "एकमेकीला चिकटत न्हाईत, सोडत बी न्हाईत. माणसांत असलं स्थळ घावत न्हाई."

स्थळ हा शब्द आमच्या घरात तोवर यंत्रांसाठीच होता. मग मंगळवेढ्याहून थोरल्या मामांचा निरोप आला.

थोरले मामा घरातले कर्ते. काळ्या रानात ज्वारीची शेती, भारदस्त मिशा, आणि गावात असा लौकिक, की त्यांनी शब्द मोडला नाही आणि दुसऱ्यालाही मोडू दिला नाही. निरोप असा होता, की पोर मोठी झाली, इंग्रजी शाळा पुरे, एक स्थळ पाहून ठेवलं आहे, उद्या येतो. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. निरोप घेऊन आलेला माणूस गेल्यावर अप्पामामा परसात गाडीचा प्लग चिंधीनं पुसत बसले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "तुला काय करायचंय?"

मी म्हटलं, "शिकायचंय."

"बरं," ते म्हणाले आणि पुसत राहिले. मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी थोरले मामा आले. जेवण झालं, पान झालं, आणि त्यांनी विषय काढला. अप्पामामांनी वाद घातला नाही. शांतपणे म्हणाले, "दादा, लगीन करायचंच. पण वरात माझ्या गाडीतनं निघंल. आन् गाडी अजून अर्धी हाय. फुंकणी ठरू द्या. गाडी पुरी झाली की त्याच म्हैन्यात बार उडवू. माझा शब्द."

थोरल्या मामांना हे पटलं. भावाला त्या लोखंडाचं वेड आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि एक फुंकणी निवडायला असा किती वेळ लागणार? महिना, फार तर दोन. तोवर आणखी चार ठिकाणची पोरं पाहता येतील. त्यांनी कनवटीची सुपारी काढली. आमच्याकडे सुपारी फोडली की बोलणी पक्की. मग त्यांत मागंपुढं होत नाही. फोडायला काही जड हवं होतं. अप्पामामांनी चौरंगावरची चक्री उचलून दिली. थोरल्या मामांनी तिच्या लोखंडी बुडानं सुपारी फोडली, अर्धी आपण घेतली, अर्धी भावाला दिली. मी माजघरातून पाहत होते.

त्याच आठवड्यात अप्पामामांनी गाडी राजय्या मिस्त्रीकडे रंगाला पाठवली. राजय्या मूळचा तेलंगणातला, हातमागांची लोखंडी कामं करणारा, मामांच्या सगळ्या खटाटोपांचा भागीदार. गाडी नव्या हिरव्या रंगात परत आली. थोरल्या मामांना हे कळलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, तयारीला लागला म्हणायचा अप्पा.

आणि मग निवड सुरू झाली.

अप्पामामांचा मुद्दा वरवर अगदी वाजवी होता. जो पोरगा या गाडीतून वरातीला बसणार, त्याचंही मत घ्यायला नको का? म्हणून थोरले मामा जो कुणी मुलगा पाठवत, त्याच्यासमोर चादरी उघडत. अक्कलकोटचा एक मुलगा कचेरीत कारकून होता. तो गडबडला, पण धीर करून म्हणाला, "चक्री. वेगाला बरी." पाहुणे गेल्यावर मामा म्हणाले, "हा नको. सुरवातीला कायच देणार न्हाई. लग्नानंतर धा वर्सांनी हवा धरंल." त्यानंतरचा मुलगा मोठा हुशार. त्यानं गावात चौकशी करून आधीच्याचं उत्तर काढलं होतं. तो बसल्याबसल्या म्हणाला, "दुपाकळी." मामांनी मान डोलावली, त्याला चिवडा खाऊ घातला, आणि तो गेल्यावर म्हणाले, "हा बी नको. पयल्या दिवसापास्नं दाबणार. वर तापणार. वर आवाज." तिसऱ्यानं हात जोडून सांगितलं की मोठ्यांची मर्जी ती माझी मर्जी. त्याच्याबद्दल मामा एकच शब्द बोलले: "फुगा."

एकदा बार्शीच्या पाहुण्यांना दुपाकळीचा जोर दाखवायचा म्हणून त्यांनी हँडल जोरात फिरवलं. फुंकणीचं तोंड खिडकीकडे करायला ते विसरले. चौरंगाशेजारच्या उंबऱ्यात काशीबाईनं शेंगाची चटणी कांडून परातीत पसरली होती. लाल तिखट, लसूण, शेंगाचा कूट, सगळं उठलं आणि बैठकीत येऊन पाहुण्यांवर बसलं. नवरा मुलगा, त्याचे वडील आणि मघाशी देव समजून पाया पडलेल्या आजीबाई, तिघंही शिंकत, रडत रस्त्यावर गेले. काशीबाई रिकामी परात घेऊन दारात आली.

"मालक," ती म्हणाली, "फुंकणीनं चूल फुंकावी, न्हायतर तीच चुलीत घालावी. पावण्यांवर कोन फुंकतंय व्हय?"

"जोर बघितलास का पण?" मामा डोळे पुसत म्हणाले.

"बघितला की. आता उद्या भाकरीसंगं जोरच खावा. चटणी न्हाय."

गावाला हे सगळं म्हणजे फुकटचा तमाशा होता. गिरणीचा भोंगा झाला, की घरी जाणारे कामगार ओट्याशी थांबून विचारत, "अप्पा, ठरली का?" मामा ओट्यावरूनच उत्तर देत, "हवा बघू की." दुकानात गिऱ्हाईक विचारी, देवळात पुजारी विचारी. बाजारात ज्या माणसाच्या तोंडच्या भावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत, तो घरी एक फुंकणी निवडू शकत नाही, याची लोकांना मोठी मौज वाटे. काही जण मला ऐकू जाईल असंही बोलत, की मामाच्या वेडापायी पोरीचं वाटोळं होतंय.

त्या वाटोळ्यात मी मॅट्रिक झाले. मग घरी बसून पुढच्या परीक्षांचा अभ्यास केला. मग मुलींच्या शाळेत शिकवू लागले.

आणि गाडी चालवायला शिकले. ते होटगीच्या रस्त्यावर. रविवारी सकाळी मामा मला चाकाशी बसवत आणि स्वतः शेजारच्या जागेवर बसत, डोक्याला घट्ट रुमाल, डोळ्यांना चामडी पट्ट्याचा चष्मा, खाली धोतर. त्या रस्त्याला बैलगाड्या, रेल्वेत कामाला जाणाऱ्या सायकली आणि मेंढरं. नऊवारी नेसलेली बाई बेडकीसारख्या मोटारीत चाक धरून बसलेली पाहून पहिल्या दिवशी एका धनगरानं सगळा कळप रस्त्यात थांबवून धरला होता. आम्ही जवळ आल्यावर त्यानं मामांना विचारलं, "आन् तुमी का बसलाय हितं नुसतंच?"

"मी हवा बघतोय," मामा म्हणाले.

होटगीच्या अलीकडे रस्ता एका बाभळीपाशी वळतो आणि मग बराच वेळ सरळ जातो. त्या वळणावर मी वेग वाढवला, की मामा ओठांचा चंबू करत आणि तोंडानं एक सूर काढत. खालून सुरू होई आणि गाडीबरोबर चढत जाई: ऊंऊंऊं. तो दुपाकळीचा आवाज. तो त्यांनी कधी ऐकला नव्हता. यंत्राबरोबर आलेल्या माहितीत 'ही वेगात गाते' असं कुठंतरी लिहिलेलं होतं, तेवढ्यावर त्यांनी तो बेतला होता. रस्ता संपेपर्यंत ते गात. माझी शाळेतली एखादी मुलगी वाटेत दिसली तर मला लाज वाटे, पण मी त्यांना कधी थांबवलं नाही. सूर संपला की ते धापा टाकत म्हणत, "असली तर अशी असंल."

"मग बसवा की एकदाची," मी एकदा म्हटलं.

ते बाहेर ज्वारीकडे पाहत राहिले. म्हणाले, "घाई कुठाय?"

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होई. तराजू, पाने, हातोड्या, काशीबाईची विळी, आणि शेवटी गाडी. गाडीला हळदकुंकू माझ्या हातून. चाकांना, दिव्यांना लावलं की मामा बॉनेट उघडत आणि इंजिनाच्या पुढच्या तोंडाकडे बोट दाखवत. "हितं लाव. जाड लाव." दरवर्षी मी तिथं हळदीचा थर देत आले. दरवर्षी तो आधीच्या थरावर बसत गेला.

शेवटी थोरल्या मामांचा संयम सुटला. त्यांनी एकदम तोडगाच आणला. होटगीच्या रेल्वेतून निवृत्त झालेले एक फोरमन त्यांच्या ओळखीचे होते. त्यांना घेऊन ते आमच्या घरी आले. पंच म्हणून पेठेतले आणखी दोघेतिघे आले. बैठक भरली. फोरमन सरळ माणूस होता. त्यांनी दोन्ही फुंकण्या फिरवून पाहिल्या, गाडी पाहिली, गाडी कुठल्या रस्त्यावर चालवता ते विचारलं, आणि सांगितलं, "यात विचार करण्यासारखं काय आहे? मोकळा लांब रस्ता असता तर चक्री. इथं मेंढराला थांबायचं, पुन्हा निघायचं. इथं खालून जोर पाहिजे. दुपाकळी."

थोरल्या मामांनी मांडीवर हात मारला. "झालं. ठरलं. अप्पा, उद्याच्या उद्या बसव. पोरगं मी बघून ठेवलंय. या म्हैन्यात बार."

मी दारात उभी होते. हातात फोरमनसाठी आणलेला चहा होता. अप्पामामा काय बोलणार याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागले. सुपारी फुटलेली होती. त्यांनी शब्द मोडला असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"फोरमनसाहेब बोलले ते खरं," मामा म्हणाले. "पन ते इंजिनाचं झालं. गाडी कोन चालवतंय?"

"तू," थोरले मामा म्हणाले.

"मी न्हाई. मी शेजारी बसतो. आख्खं होटगी बघतंय. गाडी ही चालवती." ते माझ्याकडे वळले. इतक्या पाहुण्यांसमोर त्या खोलीत मला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. "पोरी, तू सांग. यातली कुठली घ्यावी?"

उत्तर मला ठाऊक होतं. दुपाकळीची केसाएवढी फट मला पाठ होती. मी मामांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही खूण नव्हती. ते नेहमीसारखे, भाव सांगून गिऱ्हाइकाची वाट बघत बसल्यासारखे बसले होते. आणि परसातला तो प्लग मला आठवला, ती चिंधी, आणि तो 'बरं'.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "मला अजून ठरवता येत नाही, थोरले मामा. हवा बघते की."

फोरमनना आधी हसू फुटलं. मग पंचांना. थोरले मामा उठले ते पगडी हातात घेऊनच बाहेर पडले. त्यांच्यासाठी केलेली पुरणपोळी काशीबाईनं मला वाढली. वाढताना म्हणाली, "घरात एक येडं हुतं. आता दोन झाली."

त्यानंतर मुलं येणं थांबलं. माझं वय झालं होतं, असं लोक म्हणत. चादरी मात्र तशाच राहिल्या, भोंग्यानंतरचा प्रश्न तसाच राहिला, रविवार तसेच राहिले. पुढंपुढं मामांना दम लागू लागला. बाभळीच्या वळणावर सूर सुरू होई आणि अर्ध्यातच तुटे. ते हातानं खूण करत, तू चालव. एका रविवारी ते गाडीपर्यंत आले आणि दारावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "आज तू एकटीच जाऊन ये." मी गेले नाही. पावसाळा उतरता उतरता ते गेले.

दिवसकार्य झालं आणि थोरले मामा माझ्यासमोर येऊन बसले. ते थकले होते, पण बोलणं तेच होतं. पंढरपूरकडचा एक बिजवर आहे. दोन मुलं आहेत. चांगलं घर आहे. "अप्पाचा शब्द अजून फिटायचा हाय," ते म्हणाले. "गाडी पुरी कर, न्हायतर भंगारात घाल. काय ते एक कर. पर शब्दाचं बघ."

मी म्हटलं, गाडी पुरी करते.

राजय्याला बोलावलं. दुपाकळी चौरंगावरून उतरवली, पुसली, परसात नेली. राजय्या चादर घडी करत उभा राहिला. गाडीच्या जवळ येईना. तो म्हातारा झाला होता, मला वाटलं थकला असेल. मी बॉनेट उघडलं. फुंकणी इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी बसणार होती, तिथं भोकं कुठं पाडायची त्याच्या खुणा कराव्या म्हणून मी हळदीचे थर खरवडू लागले. हळदीखाली हिरवा रंग निघाला. रंगाखाली रंगाऱ्याची लांबी निघाली. लांबी टोकरली तर पिवळं मेण लागलं.

मेण काढलं. चार भोकं होती. प्रत्येकात आटे पाडलेले, आणि आट्यांना ग्रीस, नवं वाटावं असं. मी दुपाकळीचं बूड उचलून समोर धरलं. चारही भोकं भोकांवर आली.

"मीच केला," राजय्या मागून म्हणाला. "सुपारी फुटायच्या आधी. दुपाकळी आला तवाच. रविवारी बसवायचं ठरला होता. अप्पा लई खूश होता, पेढा दिला मला. मग थोरला साहेब आला, सुपारी झाला. दुसऱ्या दिवशी अप्पा आला, म्हणाला, राजय्या, बुजव. रंग दे. कुणाला बोलू नको." मग तो म्हणाला, "मी विचारला, कवा उघडायचा? तो म्हणाला, पोरगी सांगंल तवा."

मी बराच वेळ इंजिनाशी वाकून होते. राजय्यानं मला तसंच राहू दिलं.

बाजारात ज्याचा शब्द म्हणजे पक्की पावती, असा तो माणूस. तो भोंग्याच्या वेळी रोज ओट्यावर बसून गावाला खोटं सांगत होता. निवड झालेली होती. एका रविवारचं काम उरलं होतं. त्यांना आयुष्यात एकच आवाज ऐकायचा होता आणि तो चार बोल्टांवर आला होता. तो त्यांनी मेणानं बुजवला, आणि मग तोंडानं काढत राहिले.

मंगळवेढ्याला मी थोरल्या मामांना उत्तर द्यायला स्वतः गेले, दुपाकळी बसवून. आवाज ऐकून ते ओसरीवर आले.

"पुरी झाली व्हय?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हटलं. "पण लग्न मी करणार नाही. हे तुम्हाला सांगायला अप्पामामांना इतकी वर्षं एक फुंकणी पुढं करावी लागली, कारण मी लहान होते. आता मी मोठी आहे. मी सरळच सांगते. नाही."

ते मिशी चाचपत राहिले. म्हणाले, "आन् शब्द?"

मी बॉनेट उघडून त्यांना ती जागा दाखवली. भोकं कधीची ते सांगितलं. त्यांनी वाकून हळदीच्या राहिलेल्या कडेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "लबाड." तो शब्द त्यांनी असा उच्चारला, की तो माझ्यासाठी नव्हता हे मला कळलं. आत वळताना त्यांनी सुनेला सांगितलं, पोरीला जेवल्याबिगर सोडू नका.

हे सगळं मी लिहिते आहे, कारण पेठेतली बोटं अजून कपाळाशी फिरतात, आणि आता माझ्यासाठीही फिरतात. लहान मुलं बेडकीमागं धावतात. शाळेच्या चालकांनी एकदा सुचवलं, की बाईंनी गाडी शाळेपासून लांब उभी करावी. मी ती फाटकाशी उभी करते. दुपाकळीचा चौरंग रिकामा आहे. तिची चादर मी त्यावर परत घातली आहे. चक्री तिच्या जागी आहे. सुपारीचा वण तिच्या बुडावर आहे.

रविवारी मी होटगीच्या रस्त्याला जाते. दुपाकळी बसवल्यावर, मंगळवेढ्याच्याही आधी, पहिल्यांदा गेले तेव्हा काशीबाई शेजारच्या जागेवर बसली, पदर डोक्यावरून दोन्ही हातांनी घट्ट धरून. बाभळीच्या वळणावर मी वेग वाढवला आणि दुपाकळीनं हवा धरली. खरंच गाते ती. पण वेगळंच गाते. बारीक, कोरडं, कडेनं फाटल्यासारखं. मामांचा सूर खोल होता आणि त्याला थोडा खोकला होता.

काशीबाई कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "मालक काढायचं तसं न्हाय की हे."

"नाही," मी म्हटलं.

"त्येंचंच बरं हुतं."

सरळ रस्ता संपत आला होता. समोर मेंढरं होती. मी वेग उतरवला, दुपाकळीचा आवाज खाली बसत गेला आणि थांबला. धनगर कळप कडेला घेत होता. तेवढ्या वेळात माझ्या ओठांचा आपोआप चंबू झाला होता, हे मला काशीबाई माझ्याकडे बघायला लागली तेव्हा समजलं.